पोरांची पाणपोई

कोल्हापुरात आमच्या विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरायचा आणि तो मी घ्यायचे. विहार म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. एका टोकाला बुद्धांची पांढरी मूर्ती, खाली सतरंजी, बस्स. आठवडाभर मी शाळेत पगारी बाई असायचे, रविवारी बिनपगारी. गल्लीतली पंधरा-वीस पोरं यायची. त्रिशरण-पंचशील म्हणून झालं की मी एखादी गोष्ट सांगायचे, आणि गोष्ट संपली की पोरं असले प्रश्न विचारायची की शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनाही कधी सुचले नसतील.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. चैत्र लागला होता, पत्रा तापायला लागला होता. त्या रविवारी मी दानाविषयी बोलत होते. वर्गात सगळ्यात थोराड एक मुलगा होता, बारा-तेरा वर्षांचा. गल्लीच्या फुटबॉल संघात तो गोलकीपर, म्हणून सगळे त्याला गोलकीपरच म्हणायचे, त्याची आईसुद्धा. तो उठून म्हणाला, "बाई, द्यायला आमच्याकडं हाय काय? मला दप्तरसुद्धा थोरल्याचं जुनं मिळालंय."

पोरं हसली. तेवढ्यात पुढच्या ओळीतनं माझी मुलगी म्हणाली, "पाणी देऊ की." ती तेव्हा दहा वर्षांची होती.

शिवाजी पेठेकडनं येणारी गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला मिळते, तिथं बसचा थांबा होता. एक मोठं कडुलिंबाचं झाड, त्याला बांधलेला कट्टा, आणि बाकी सगळं ऊन. बसची वाट बघणारी माणसं त्या एका सावलीत दाटीवाटीनं उभी असायची. तिथं पाणपोई घालायची असं पोरांनी त्याच बैठकीत ठरवून टाकलं. मला फक्त मान हलवायची होती.

रांजण दिला माझ्या सासऱ्यांनी. त्यांना मी मामा म्हणायचे आणि गल्लीतली सगळी पोरं आज्जा. त्यांची हयात गिरणीत गेली होती. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं बोलायची सवय लागल्यामुळं ते घरातही ओरडूनच बोलायचे. नवीन माणसाला वाटायचं, भांडण चाललंय. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा ते ऐन विशीत होते. त्याआधीच्या दिवसांबद्दल ते फार बोलत नसत. "न्या," रांजणावर थाप मारून ते म्हणाले, "इतकी वर्सं आपल्यापुरता भरला. आता रस्त्याला लावा."

पोरांनी हातगाड्यावरनं रांजण नेला. एवढी मिरवणूक मी लग्नातही पाहिली नव्हती. एका बांधकामावरनं वाळू मागून आणली, वाळूत रांजण बसवला, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, आत वाळ्याची जुडी टाकली. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं, प्यायला स्टीलचे पेले. पाटी गोलकीपरनं रंगवली. निळ्या अक्षरांत, "थंड पाणी प्या. बुद्धविहार, मुलांचा वर्ग." फक्त 'वर्ग'मधला रफार एक अक्षर आधी पडला होता आणि 'र्वग' झालं होतं. मी पडले शाळेतली बाई, ते मला येताजाता टोचायचं. पण पोरांनी दुरुस्त करू दिलं नाही. "वाचता येतंय की बाई," म्हणाली.

पहिले दिवस नुसत्या आनंदाचे होते. पहाटे नळाला पाणी आलं की पोरं कळशा घेऊन धावायची. परीक्षा संपल्या होत्या, उन्हं वाढत होती, आणि पाळ्या कुणी कुणाला सोडायला तयार नव्हतं. भाजीच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका थांबायच्या. कंडक्टर बसमधनं हात बाहेर काढायचे. तालमीतली पोरं यायची आणि पेल्याला हसून तांब्याच मागायची. एकदा मैदानावरनं परतणारे मोठ्या संघाचे खेळाडू थांबले, तेव्हा गोलकीपरनं पेले भरले ते सांडेपर्यंत काठोकाठ. येईल त्याला पोरं म्हणायची, "घ्या पावणं, पाणी घ्या." माणूस पाणी पिऊन "बरं वाटलं बाळा" म्हणाला की पोरांच्या तोंडावर जे यायचं, ते बघायला मी शाळा सुटल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून तिकडनं जायचे.

अशीच एका दुपारी जात होते. रस्त्याच्या पलीकडं होते तेवढ्यात एक लुना येऊन लिंबाखाली थांबली. लुनावरचा माणूस पन्नाशीच्या आसपासचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, एखाद्या कचेरीतला असावा. घामानं डबडबला होता. माझ्या मुलीची पाळी होती. तिनं पेला भरून दोन्ही हातांनी पुढं केला. त्यानं घेतला, ओठापर्यंत नेला, आणि त्याची नजर पाटीवर गेली.

हात तिथंच थांबला. मग त्यानं पेला हळूहळू कलता केला आणि सगळं पाणी धुळीत ओतलं. पेला तिच्या हातात न देता कट्ट्यावर उपडा ठेवला. "आधी सांगायचं की गं," म्हणाला. रागानं नाही, एखाद्यानं चुकीच्या बसमध्ये बसल्यावर म्हणावं तसं. रुमालाला हात पुसले, पायडल मारलं आणि गेला.

माझी कानशिलं तापली. थांब्यावरच्या दोन बायकांनी पाहिलं होतं. त्या बस कुठं दिसते का ते बघू लागल्या. मी रस्ता ओलांडून गेले तेव्हा मुलीनं पेला उचलून धुतला होता आणि ती तो परत परत धूत होती.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं मला काही विचारलं नाही. मामांना विचारलं. ते अंगणात खाटेवर बसले होते.

"आज्जा, आपल्या पाण्यात काय पडलंतं का?"

मामांना सगळी हकीकत कळली तेव्हा त्यांचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा खाली आलेला ऐकला. "पाण्यात काय न्हाय पडलं बाळ," ते म्हणाले. "त्येच्या डोक्यात पडलंय. लई जुनं हाय. तुझ्या-माझ्या आधीपासनं पडलंय."

"मग मी काय चुकलो?" आमच्या कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दल पोरांसारखंच बोलतात.

"तू न्हाय चुकलीस. चूक त्येची. ही गोष्ट पहिली ध्यानात ठिव, बाकीचं मागनं."

मी आत भाकऱ्या थापत ऐकत होते. मला माझ्याच मनाचा पेच सुटत नव्हता. वर्गात मी पोरांना खंती शिकवायचे, खंती म्हणजे सहनशीलता. पण सोसा, असं आमच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलंच होतं. सोसून सोसून ज्यांच्या पाठी वाकल्या त्यांच्या पोरांना मीही तेच सांगायचं का? आणि नाही सांगायचं, तर मग काय सांगायचं? दगड मारा?

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी वर्ग भरला. बातमी गल्लीभर झाली होती. पोरं नुसती पेटली होती. कुणी म्हणालं लुनाची हवा सोडूया, कुणी म्हणालं पुढच्या वेळी पाण्यात मिरची कालवूया. गोलकीपर खिळा घेऊनच आला होता. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातला एक अगदी लहानगा म्हणाला, "बाई, पाटी काढूया की. मग सगळेच पितील."

सूचना साधी होती आणि खरी होती. पाटी नसती तर तो माणूस पाणी प्याला असता आणि दुवा देऊन गेला असता. दोघीतिघींनी माना हलवल्यासुद्धा.

"पाटी काढायची न्हाय." मामा दारात उभे होते. आवाज पुन्हा गिरणीतला झाला होता. "सोसायचं म्हंजे लपायचं न्हवं. ज्येला प्यायचंय त्येनं वाचून प्यावं. ज्येला न्हाय प्यायचं त्येनं वाचून जावं. आपून का म्हणून झाकायचं?"

मग मला बोलायला वाट मिळाली. मी म्हणाले, राग येऊ देऊ नका असं मी सांगणार नाही, मलाही आलाय. पण त्या रागाला पाणपोई चालवायला द्यायची नाही. तो माणूस पुन्हा आला तर पुन्हा पेला भरायचा. त्यानं ओतला तर पेला धुऊन ठेवायचा आणि मान वर ठेवायची. काही बोलला तर सरळ सांगायचं, "काका, पाणी चांगलं आहे." आणि कुणी अंगावर आलं, हात उचलला, तर तिथं सोसत बसायचं नाही, धावत येऊन आम्हाला बोलवायचं. ते मोठ्यांचं काम.

गोलकीपरला हे पटलं नाही. "म्हंजे त्यानं अपमान करायचा आन आपण पाणी द्यायचं?"

तेव्हा माझी मुलगी बोलली. आदल्याच रविवारी मी ती सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगितली होती, बुद्धांना कुणीतरी शिव्या देतो आणि बुद्ध म्हणतात, पाहुण्यानं तुझं वाढलेलं ताट घेतलं नाही तर ते कुणाचं राहतं? तुझंच. तशा या शिव्याही तुझ्याच. मुलीनं ती गोष्ट उलटी करून टाकली. "मी पाणी दिलो," ती म्हणाली, "त्यानं घेतलं न्हाय. मग पाणी आपलंच राहिलं. आपलं काय गेलं? तहान त्याची राहिली."

पोरं जी हसायला लागली ती थांबेनात. मामा तर खोकेपर्यंत हसले. पण गोलकीपर वकिलाच्या जातीचा होता. हसणं ओसरल्यावर त्यानं विचारलं, "आणि तो कधीच प्याला न्हाय तर?"

"तर दुसरा कोन तरी पिईल," मामा म्हणाले. "तू रांजण भर. श्रद्धा श्रद्धा म्हंत्यात ती दुसरी काय अस्ती? उद्याबी कोन तरी तहानलेला येणार, एवढं मनात धरून रांजण भरायचा."

गोलकीपरनं खिळा खिशात घातला. खिशातच, टाकला नाही.

आता पोरं ती पोरंच. तो माणूस रोज त्याच वेळी त्याच रस्त्यानं जायचा हे त्यांच्या लक्षात आलं. लुना लांबनं दिसली की सगळी रांगेत उभी राहून एका सुरात ओरडायची, "काका, पाणी घ्या." तो बघायचा नाही. दुसऱ्या दिवशी आवाज वाढला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतली पोरंही फक्त ओरडायला म्हणून आली. लुनाचा वेग वाढत गेला; एवढी फटफटणारी लुना मी पुन्हा पाहिली नाही. पोरांना वाटत होतं आपण सहनशीलतेची कमाल करतोय. मामा एकदा कट्ट्यावर बसले असताना हा प्रकार घडला आणि त्यांनी पोरांना जवळ बोलावलं.

"ही खंती हाय व्हय?" त्यांनी विचारलं. "ह्येला कोल्हापुरात चिडवणं म्हंत्यात."

पोरं ओशाळून हसली. मग ठरलं, ओरडायचं नाही. ज्याची पाळी असेल त्यानं एकट्यानं, साध्या आवाजात, एकदाच विचारायचं. आणि नाही थांबला तर पुढच्या माणसाला पाणी द्यायचं. हे पोरांना ओरडण्यापेक्षा फार जड गेलं, मी बघत होते. पण जमलं. हळूहळू ती लुना म्हणजे रस्त्यावरनं जाणाऱ्या इतर गाड्यांसारखीच एक गाडी होऊन गेली.

आणि मग एके सकाळी रांजण फुटलेला सापडला.

खापऱ्या वाळूत पसरल्या होत्या, वाळ्याची जुडी चिखलात पडली होती, पाटी तिरकी झाली होती. पहिली गेलेली पोरं रडतच परत आली. मी पोचले तोवर निम्मी गल्ली तिथं जमली होती आणि निकालही लागला होता. लुनावाला. दुसरं कोण असणार? खरं सांगायचं तर माझ्याही मनात दुसरं कुणी आलं नाही. गोलकीपरच्या हातात या खेपेला दगड होता. त्या माणसाचं घर त्यानं शोधून ठेवलं होतं, दारात कुंड्या होत्या, एवढंही सांगितलं.

"तू पाहिलंस त्याला फोडताना?" मी विचारलं.

"न्हाय."

"कुणी पाहिलं?"

कुणी पाहिलं नव्हतं.

"मग दगड खाली ठेव. आधी रांजण आणू."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मीच विरुद्ध संघाला गोल करू दिला होता. पण दगड ठेवला. त्या दिवशी कुंभारगल्लीतनं आम्ही दुसरा रांजण आणला, पहिल्यापेक्षा जरा ठेंगणा, आणि दुपारपर्यंत पुन्हा "घ्या पावणं" सुरू झालं. लुनावाल्यानं पाणी ओतलं तेव्हा थांब्यावर उभं राहून ज्यांनी नजर फिरवली होती त्या दोघींपैकी एकीनं रांजणाखाली घालायला एक जुना टायर आणून दिला. त्यावर रांजण हलायचा नाही म्हणाली.

पुढच्या पहाटे मामा, गोलकीपर आणि माझी मुलगी कट्ट्यावर राखणीला बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं. गोलकीपर झाडाच्या बुंध्याआड दबा धरून होता. रस्ता मोकळा. आणि गल्लीच्या तोंडातनं एक म्हैस आली.

एकटीच होती. आमच्याकडं म्हशी पहाटे धुवायला नेतात, तशा कळपातनं ही पुढं सुटून आली असावी. चाल अगदी घरच्यासारखी. ती थेट रांजणापाशी आली, नाकाड्यानं झाकण उडवलं, तोंड आत घातलं आणि सावकाश पाणी प्यायला लागली. आम्ही चौघंही बघतच राहिलो. पोट भरल्यावर तिनं तोंड बाहेर काढलं, समाधानानं फुरफुरली, आणि मग रांजणाच्या काठाला मान घासायला लागली. रांजण टायरात डगमगला. तसा गोलकीपर झेपावला आणि दोन्ही हातांनी त्यानं रांजण कवटाळला. त्या मोसमातली त्याची सगळ्यात चांगली झेप तीच, असं तो पुढं कित्येक वर्षं सांगायचा.

मामा हसत हसत कट्ट्यावरनं घसरून खालीच बसले. मुलगी इतकी हसली की तिला उचकी लागली. म्हैस मात्र जराही हलली नाही. तिच्या लेखी आम्ही चौघं नव्हतोच. तेवढ्यात तिची मालकीण, हातात दावं घेऊन, पदर खोचून धावत आली. गवळ्याच्या घरातली बाई, आमच्या पलीकडच्या गल्लीत तिचा गोठा होता.

"अगं बया," ती म्हणाली, "म्हंजे काल सकाळी पोट टम्म भरून आलीती ती हितनं व्हय?" मग खापऱ्यांच्या ढिगाकडं बघून तिनं कपाळाला हात लावला. "हिनंच फोडला?"

"हिनंच," गोलकीपर रांजण न सोडता म्हणाला. त्याच्या तोंडावरचा भाव मला आजही आठवतो. आदल्या दिवशी त्यानं तो दगड मारला असता तर, हे त्याच्याच डोक्यात फिरत असणार. म्हशीनं सांगितल्यावर आणखी कुणी सांगायची गरज नव्हती.

बाईला तहान लागली होती. तिनं पेला मागितला, एका दमात प्याली. मग पाटीकडं बोट करून म्हणाली, "मला वाचाय येत न्हाय. काय लिवलंय?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मग मान वर करून तिनं पाटी पहिल्यापासनं शेवटपर्यंत वाचून दाखवली, विहारासकट.

"असं व्हय," बाई म्हणाली. "वाळा घातलाय न्हवं? वास येतोय. आनखी एक पेला दे."

त्या रविवारी ती वर्गाला किटली भरून दूध घेऊन आली. म्हशीचा दंड म्हणाली. पोरांच्या ओठांवर पांढऱ्या मिशा आल्या आणि त्या दिवशीचं पंचशील जरा फेसाळच झालं.

रांजण त्या माणसानं फोडला नव्हता. पण म्हणून तो चांगला ठरला असं मात्र मी पोरांना सांगितलं नाही. म्हशीनं त्याला सोडवलं ते रांजणापुरतं. ओतलेलं पाणी त्यानंच ओतलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवायच्या, एवढंच म्हणाले. पोरांना हे मोठ्या माणसांपेक्षा लवकर कळतं.

वैशाखातल्या एका दुपारी गगनबावड्याकडनं येणाऱ्या गाडीतनं एक म्हातारी उतरली. हातात पिशवी, डोईवर पदर, आणि उतरताक्षणी तिला भोवळ आली. माझी मुलगी आणि गोलकीपर दोघंही धावले, तिला धरून कट्ट्यावर बसवलं. मुलीनं तिच्या डोळ्यांना पाणी लावलं, मग पेला दिला. म्हातारी घोट घोट प्याली. जरा हुशारी आल्यावर तिनं आणखी मागितलं. ती दुसरा पेला पीत असतानाच तिला न्यायला लुना आली.

तोच माणूस. त्याची आई होती ती.

मी तेव्हा तिथं होते. तो लुना उभी करून आला आणि थबकला. आई लिंबाखाली बसलेली, पेला तिच्या ओठाला, वर पाटी. गोलकीपरनं ओगराळं घट्ट धरलं.

"आई, चल," तो म्हणाला.

"थांब की जरा," म्हातारी म्हणाली. "ह्या पोरांनी धरलं म्हणून, न्हायतर पडलेच असते रस्त्यात. किती गार पाणी हाय बघ. तूबी पी."

मुलीनं पेला भरला. दोन्ही हातांनी पुढं केला, पहिल्यासारखाच. आवाजही साधाच होता. "काका, पाणी घ्या."

त्यानं पेला घेतला नाही. "नको, घाईत आहे," म्हणाला, पण या वेळी तो तिच्याकडं बघून म्हणाला. आईला मागं बसवून निघून गेला. गोलकीपरनं एवढा मोठा श्वास सोडला की झाडावरची चिमणी उडाली. "बघितलंसा? न्हाय प्याला." मुलीनं तो भरलेला पेला थांब्यावरच्या पुढच्या माणसाला दिला.

गंमत पुढंच झाली. म्हातारी मुलाकडं उन्हाळाभर राहायला आली होती आणि घरात तिचा जीव रमत नव्हता. दुसऱ्या दिवसापासनं ती रोज चालत पाणपोईवर यायची. कट्ट्यावर बसायची, पोरांना घाटावरच्या पावसाच्या, अस्वलाच्या, करवंदाच्या गोष्टी सांगायची, आणि पोरं खेळायला गेली तर स्वतः ओगराळं हातात घेऊन लोकांना पाणी द्यायची. पाटीवर काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तिनं विचारून घेतलं होतं. संध्याकाळी तिला न्यायला मुलाला यावंच लागायचं. म्हातारी लगेच उठायची नाही. "ही गोष्ट पुरी करून येते," म्हणायची. मग तो लुनाला टेकून, पाटीखाली, गोष्ट संपायची वाट बघत उभा राहायचा.

असे कित्येक दिवस तो उभा राहिला. पोरं पाळीनं विचारायची, "काका, पाणी?" तो "नको" म्हणायचा. एका संध्याकाळी म्हातारीची गोष्ट फारच लांबली, ऊन तिरपं होऊन त्याच्या तोंडावर येत होतं, आणि पाळी त्या अगदी लहानग्याची होती, ज्यानं पाटी काढूया म्हटलं होतं. त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता अर्धा सांडत पेला पुढं केला. त्या माणसानं तो घेतला आणि प्याला. रिकामा पेला त्यानं लहानग्याच्या हातात दिला. "गार आहे," एवढंच म्हणाला.

माफी वगैरे त्यानं कधी मागितली नाही. घरी येताना गोलकीपर हाच मुद्दा लावून धरत होता. मामा म्हणाले, "न मागू दे. तुला माफी पायजे होती का त्येनं पाणी प्यायला पायजे होतं?"

गोलकीपरनं बराच विचार केला. "दोन्ही," म्हणाला.

"बरोबर हाय," मामा म्हणाले. "पण एक तर झालं." आणि त्यांनी त्याच्या पाठीत असा धपका घातला की तो दोन पावलं पुढं गेला.

पाणपोई पुढं दर उन्हाळ्यात लागत राहिली. पोरं मोठी झाली, धाकटी पोरं आली. मामा गेले. गोलकीपर आयटीआय करून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लागला आणि तिथल्या कामगारांच्या संघातही गोलमध्येच उभा राहिला. माझी मुलगी नर्सिंग शिकली आणि दोन हजारच्या दशकात तिची नेमणूक गगनबावड्याच्या बाजूला झाली, जिथं पाऊस लागला की आठवडाभर थांबत नाही.

तिथनं एकदा ती घरी आली ती एसटीतनं एक भलामोठा फणस घेऊन. गाडीतल्या सगळ्यांनी वासानं माना वळवल्या म्हणे. मी विचारलं, हा कुठला? तेव्हा तिनं सांगितलं.

एका वाडीवर ती एका वयस्कर माणसाला इंजेक्शन द्यायला गेली होती. त्यानं बाही वर करता करता विचारलं, "आडनाव काय?" तिनं सांगितलं. त्याची बाही परत खाली आली. "दुसरी नर्स नाही का?" म्हणाला.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं. एवढी वर्षं गेली तरी माझी कानशिलं तापलीच.

"काय करायचं? म्हणालो, दुसरी न्हाय, मीच हाय. आणि बाहेर पाऊस होता, म्हणून स्टूल ओढून बसलो. त्यांना विचारलं, दारातला फणस कापा का बरका? त्यावर ते अर्धा तास बोलले. म्हणाले, ह्या फणसासारखा फणस तालुक्यात नाही. मग स्वतःच बाही वर केली. इंजेक्शन दिलो. पण ऑफिसात येऊन वरच्या बाईंना सांगितलो, असं झालं म्हणून. ते लपवायचं कशाला? बाई पुढच्या वेळी माझ्याबरोबर आल्या. निघताना म्हाताऱ्यानं हा फणस दिला."

"काही बोलला?"

"बोलला की. हाताला आधी तेल लावा म्हणाला, चिकटतोय."

आम्ही हाताला आणि विळीला गोडंतेल लावलं, अंगणात जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि फणस फोडला. कापाच होता, गरे पिवळेजर्द. वासानं शेजारीपाजारी न बोलावताच आले, विहारातली नवी पोरं आली. गोलकीपर पाळी संपवून आला होता, तो बायको आणि तान्ह्या पोरीसकट आला. एवढ्या माणसांनी खाऊनही गरे उरले. मुलगी हात पुसत म्हणाली, "आई, आठळ्या टाकू नको. त्या म्हाताऱ्यानं सांगितलंय, मीठ घालून उकडायच्या." मग आम्ही चुलीवर पातेलं चढवलं आणि पोरं भोवती बसून राहिली, आठळ्या शिजल्या का ते सारखं विचारत.